एकाच रात्री भाजलेले दोन डाग, एक गेला आणि एक राहिला, असं का?

चुलवाण

मंडळी नमस्कार. दोन-तीन वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज बहिणीच्या कानामुळं लिहायला बसलोय. तिनं कानाच्या वरच्या अंगाला दुसरं भोक पाडून घेतलं होतं, भोक बरं झालं पण मागच्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ आली, एकानं ती कापून काढली, दोन टाके घातले, 'गेलं बघा' म्हणाला आणि पाच-सहा महिन्यांत हरभऱ्याचं लिंबू झालं. आता दुसऱ्या डॉक्टरांनी किलॉइड, म्हणजे जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणारा वण, आहे म्हणून सांगितलंय आणि गाठीतच स्टेरॉइडची इंजेक्शनं चालू केलीत, महिन्याला एक.

त्यावरनं माझं जुनं कोडं वर आलं. मी बारा वर्षांचा असताना पन्हाळ्याकडं मामांच्या गुऱ्हाळावर रात्री जागायला गेलो होतो. काईल, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उतरायला आलेली, गुळव्यानं थंड पाण्यात पाक टाकून गोळी होते का बघितली, ओढा म्हणाला, आणि ओढताना काईल हिंदकळून पाक माझ्या उजव्या हातावर उडाला. मनगटावर दोन थेंब आणि कोपराच्या खाली चांगला पळीभर. उसाचा पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटतो, मी ओढून काढायला गेलो तर सालटं बरोबरच आलं. मामीनं घाबरून दौतीतली निळी शाई ओतली.

मनगटावरचं दहा दिवसांत बरं झालं, आज ती जागा शोधून सापडत नाही. कोपराखालचं बरं व्हायला दीड महिना गेला आणि तिथं आजही लांबट चकचकीत पट्टा आहे, त्यावर केस नाही, घाम नाही, मे महिन्यात सगळा हात ओला आणि तेवढा पट्टा कोरडा. रात्र तीच, काईल तीच, कातडी माझीच. मग?

मी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर स्लाइड रंगवून पांढऱ्या पेशी मोजायच्या, न्यूट्रोफिल इतके, लिम्फोसाइट इतके, मोनोसाइट चार-पाच टक्के, रिपोर्ट टाइप केला की पुढची स्लाइड. मोनोसाइट दिसायला झकास असतो, मोठा, राखाडी निळा, आतलं केंद्रक राजम्याच्या दाण्यासारखं एका बाजूनं दाबलेलं. पण हा गडी रक्तातनं बाहेर पडून जातो कुठं हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बहिणीच्या कानाचं वाचता वाचता कळलं की जखम भरायची कशी, डाग ठेवायचा की नाही, ह्यात सगळ्यात मोठा हात त्याचाच आहे.

समजलं तसं लिहितो, जाणकारांनी कान धरावा. कापलं की आधी रक्त गोठतं आणि त्या गुठळीतल्या प्लेटलेट्स हाका मारायला लागतात. काही तासांत न्यूट्रोफिल येतात, जंतू खातात, दोनेक दिवसांत तिथंच मरतात, आपण ज्याला पू म्हणतो त्यात बहुतेक हेच मेलेले असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासनं मोनोसाइट येतात आणि जखमेत उतरले की त्यांचे मॅक्रोफेज होतात, म्हणजे भक्षक पेशी. २०१९ च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी होतं त्यांना पटकन कळेल. पाणी उतरल्यावर आधी चिखल काढायचा, सडलेलं धान्य फेकायचं, मगच गवंडी बोलवायचा. मॅक्रोफेज हा चिखल काढणारा पण आहे आणि गवंड्याला बोलावणारा मुकादम पण तोच आहे. मेलेले न्यूट्रोफिल गिळले की त्याचा स्वभावच बदलतो, आधी आग लावणारे निरोप पाठवत होता तो आता बांधकामाचे निरोप पाठवायला लागतो. गवंडी म्हणजे फायब्रोब्लास्ट, ते कोलॅजन, म्हणजे कातडीला बळ देणारे धागे, घालतात.

हे कळलं कसं ह्याची पण गंमत आहे. १९७२ मध्ये गिनीपिगच्या रक्तातले न्यूट्रोफिल काढून टाकून बघितलं, निर्जंतुक जखम तरी व्यवस्थित भरली. मग १९७५ मध्ये मॅक्रोफेज काढून बघितले तर जखमेतली घाण तशीच पडून राहिली आणि भरणं रखडलं. म्हणजे झाडूवाल्याशिवाय गवंडी हलत नाही.

आता प्रश्न असा की मुकादम एकच, तर मनगटावर एक काम आणि कोपराखाली दुसरं का केलं त्यानं?

तांबडा_पांढरा

राव ताट समोर घेऊन धागा उघडला आणि पाचव्या परिच्छेदात पू. धन्यवाद.

पण एक शंका खरंच आहे. तांबड्या रश्श्यानं दर रविवारी माझी जीभ भाजते, टाळूला फोड येतात, गाल चावला जातो. तोंडात डाग कुठं राहतो? तिथं मुकादम सुट्टीवर असतो व्हय?

वॉर्डातली_ताई

चुलवाण, बाळा, मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नोकरी केली, त्यातली अकरा भाजलेल्यांच्या वॉर्डात. गुऱ्हाळ, फौंड्री आणि स्टोव्ह, आमच्याकडं पेशंट ह्या तीन ठिकाणांहूनच यायचे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आम्ही दिवस मोजून द्यायचो. जे भाजणं दोन आठवड्यांच्या आत भरतं त्याचा सहसा उठून दिसणारा वण राहत नाही, तीन आठवड्यांच्या पुढं गेलं की वण जाड होणार असं धरूनच चालायचं, म्हणून तर खोल भाजलेल्याला सर्जन लवकर कातडी लावायला बघतात.

कारण असं की कातडीच्या खालच्या थरात केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी असतात, नवीन कातडीचं बी तिथं असतं. तुझ्या मनगटावर पाक वरच्यावर लागला, बी शाबूत होतं, जागच्या जागी उगवून आलं. कोपराखाली चिकटलेल्या पाकानं बी पण जाळलं, मग कडेकडेनं कातडी सरकत येईपर्यंत जखम उघडी, आणि जखम उघडी आहे तोवर तुझ्या त्या पेशी हटत नाहीत. पहारा उठत नाही म्हणजे बांधकाम पण थांबत नाही. केस नाही, घाम नाही, त्याचंही कारण तेच.

आणि शाई, टूथपेस्ट, बटाट्याचा कीस, ह्यातलं काहीही लावू नका रे. वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी. बर्फ पण नको. शाई लावून आणलेल्या पोराची जखम किती खोल आहे ते डॉक्टरला दिसत सुद्धा नाही, आधी ती धुवायची, पोरगं किंचाळतंय, आई रडतीय. हे मी किती वेळा केलंय ते माझं मला माहीत.

लालमाती

ताईंना नमस्कार. आमच्या घरात तीन पिढ्या पैलवान, माझे वडील खासबागेत लढलेत. तालमीच्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल घालतात ते जखम चिघळू नये म्हणूनच असं वस्ताद सांगायचे. त्यात तथ्य आहे का नुसतं आपलं म्हणायचं?

दुसरं, वडिलांचे दोन्ही कान फुटलेत, म्हणजे वाळक्या फ्लॉवरसारखे घट्ट झालेत. गावात कान बघूनच पैलवान ओळखतात, लग्नाच्या बैठकीत पण बघितले होते म्हणे. हा पण डागच काय?

चुलवाण

@तांबडा_पांढरा भावा, तुझा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही, ह्यावर लोकांनी खरंच अभ्यास केलाय. तोंडातली जखम कातडीपेक्षा लवकर भरते आणि वण जवळजवळ राहतच नाही, आणि तिथं बघितलं तर न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज कमी जमतात आणि लवकर आवरतं घेतात. लाळेचा ओलावा असतो तो वेगळाच. ओलाव्यावरनं आठवलं, 'उघडी ठेव, वारा लागू दे, खपली धरू दे' हे आपल्याकडं सगळेच सांगतात, पण १९६२ मध्ये जॉर्ज विंटर म्हणून एकानं डुकरांवर बघितलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी जवळपास दुप्पट वेगानं धरते. खपली म्हणजे वाटेत पडलेला दगड, कातडीला त्याच्या खालनं खणत जावं लागतं.

@लालमाती कानाचं असं आहे की कूर्चेवर एक पातळ पापुद्रा असतो आणि कूर्चेला रक्त त्याच्यातनंच पोचतं. डावात कान रगडला की पापुद्रा सुटतो, मध्ये रक्त साठतं, ते एक-दोन दिवसांत डॉक्टरकडनं काढून दाबून बांधलं तर कान वाचतो. तसंच राहिलं तर शरीर त्या पोकळीत नवीन कूर्चा आणि तंतू भरून टाकतं. म्हणजे हो, डागच, पण आतल्या अंगाचा. लग्नाच्या बैठकीत बघितले होते हे लई आवडलं.

आता मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट. आपापला डावा दंड बघा. बीसीजीचा खड्डा असेल. लहानपणापासनं अंगावर किती सुया टोचल्या, एकाचाही डाग नाही, मग ह्याच सुईचा का? कारण त्या लसीत जिवंत पण दुबळे जंतू असतात, ते कातडीत मुक्काम करतात, त्यांच्याभोवती आपल्या पेशी गोळा होतात, काही आठवड्यांनी पुळी येते, फुटते, आणि खड्डा राहतो. सुई सगळ्यांसारखीच, भोक सगळ्यांसारखंच. डाग सुईनं नाही केला, आपल्याच पेशींनी केला. माझ्या वडिलांच्या पिढीला देवीच्या लसीचे वण आहेत ते पण असेच, चांगले आठाण्याएवढे. हे कळल्यापासनं मी लॅबमध्ये येईल त्याचा दंड बघत बसतो, एक काकू रागावल्या पण.

वॉर्डातली_ताई

लालमाती, हळदीनं स्वयंपाकघरातलं बारीक कापणं बरं होतं, पण ते हळद न लावता पण होतं. उघड्या मोठ्या जखमेत डब्यातली हळद कोंबू नका, ती काही निर्जंतुक नसते. आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, तालमीत जाणाऱ्या पोरांचं इंजेक्शन वेळेवर झालेलं पाहिजे. वस्तादांचा अपमान नाही करत, त्यांच्या काळात हाताशी होतं ते त्यांनी केलं.

नवा_आयडी_४२

मग सरळ आहे की. पेशींमुळंच डाग पडतो तर जखम झाल्या झाल्या सूज मारणारी गोळी किंवा स्टेरॉइड घ्यायचं, डागच येणार नाही. एवढा काथ्याकूट कशाला?

निवृत्त_मास्तर

इतकं सरळ असतं तर काय पाहिजे होतं. प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली म्हणून थोडं पाल्हाळ लावतो, चालवून घ्या.

ह्या भक्षक पेशी पहिल्यांदा ओळखल्या त्या मेचनिकॉफनं, १८८२ साली सिसिलीतल्या मेसिनाला. तारामाशाची डिंभकं काचेसारखी पारदर्शक असतात, त्यानं बागेतल्या गुलाबाचा काटा एकाच्या अंगात टोचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काट्याभोवती हलत्या पेशींचा गराडा. १९०८ चं नोबेल पॉल एर्लिखबरोबर विभागून मिळालं. माझ्या वर्गात ही गोष्ट सांगताना मी बाभळीचा काटा हातात धरायचो, गुलाबाच्या काट्यानं मागच्या बाकापर्यंत परिणाम होत नाही.

आता गोळीचा प्रश्न. बाजू दोन्ही आहेत. गर्भातल्या बाळाला पहिल्या सहाएक महिन्यांत जखम झाली तर ती डागाशिवाय भरते, आणि त्या वयात त्याची प्रतिकाराची फौज कच्ची असते. २००३ मध्ये असे उंदीर वापरले गेले ज्यांच्यात एका जनुकाच्या अभावी मॅक्रोफेज आणि कामाचे न्यूट्रोफिल बनतच नाहीत, त्या पिल्लांच्या जखमा नेहमीच्याच वेळेत आणि वण न ठेवता भरल्या. झालं, तुमचा मुद्दा सिद्ध. पण असलं पिल्लू जंतूंपुढं टिकत नाही हो! आणि दुसरी बाजू बघा. अॅक्सोलॉटल नावाचा मेक्सिकोचा सॅलमँडर तोडलेला पाय परत उगवतो. २०१३ मध्ये त्याचे मॅक्रोफेज काढून टाकले तर पाय उगवेचना, नुसतं वण धरलेलं थोटूक राहिलं. पेशी परत आल्यावर तोच पाय पुन्हा छाटला तर उगवला.

म्हणजे त्याच पेशी एकीकडं डाग करतात आणि दुसरीकडं त्यांच्याशिवाय डागच होतो. ह्याची गाठ २०१० च्या एका प्रयोगानं थोडी सुटते. उंदरांच्या जखमेतले मॅक्रोफेज वेगवेगळ्या टप्प्यांवर काढले. अगदी सुरुवातीला काढले तर मांस कमी धरलं पण वणही कमी झाला. मधल्या टप्प्यात काढले तर जखमेत रक्तस्राव, जखम मिटेचना. शेवटी काढले तर काही फरक नाही. तेव्हा गोळी घ्यायची तर कोणत्या तासाला घेणार? चुकीच्या दिवशी मुकादमाला घरी पाठवलंत तर भिंत पडते.

नव्या आयडीवाल्यांना एवढंच सांगतो की तुमच्यासारखाच विचार करून पैसेवाल्यांनी पण प्रयत्न केलेत. टीजीएफ बीटा नावाचा निरोप ह्या सगळ्याच्या मध्यभागी आहे, त्याचा तिसरा प्रकार गर्भात जास्त असतो म्हणून तोच टोचून वण कमी करायचं औषध ब्रिटनमध्ये निघालं होतं, एव्होटर्मिन. सुरुवातीच्या चाचण्यांत छान दिसलं आणि २०११ मध्ये मोठ्या चाचणीत आपटलं.

नवा_आयडी_४२

मान्य मास्तर. गोळी मागे घेतो.

काकवी_भाकरी

फार छान धागा. मला घाबरत घाबरत विचारायचंय. माझ्या सासऱ्यांना पंधरा वर्षं शुगर आहे. गेल्या महिन्यात नवी कोल्हापुरी घातली, अंगठ्याजवळ चावली, चप्पल चावणं म्हणजे आपल्याकडं काही विशेष नाही, तेल लावून दोन दिवस घातली की बसते. पण ती जखम अजून आहे, पाच आठवडे झाले, दुखत नाही म्हणून ते दाखवायला येत नाहीत. ह्या पेशींचाच संबंध असेल का?

वॉर्डातली_ताई

दुखत नाही हेच वाईट आहे ग. शुगरनं पायाच्या नसा मंदावतात म्हणून कळत नाही. उद्या सकाळी पहिलं काम, डॉक्टर. तेल नाही, मलम नाही, चप्पल बंद. ते नाही म्हणाले तर माझं नाव सांग आणि मी पाय कापलेले किती बघितलेत ते पण सांग.

चुलवाण

ताईंनी सांगितलं तेच आधी करा. कारण विचारलंत म्हणून सांगतो, शुगर जास्त असलेल्या जखमेत मॅक्रोफेज पहिल्याच स्वभावात अडकून बसतात, चिखल उपसण्याच्या आरडाओरड्यातच, बांधकामाचा निरोप जातच नाही. त्यात पायाला रक्त कमी पोचतं. म्हणून तिकडं जखम भरतच नाही आणि बहिणीच्या कानावर बांधकाम थांबतच नाही, बिघाड त्याच निरोपांचा, फक्त उलट्या टोकाला.

किलॉइडचं असं की वण जखमेच्या हद्दीत राहिला तर तो जाड वण, माझ्या हातासारखा, आणि हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीत घुसला तर किलॉइड. कान, छाती, खांदा ह्या त्याच्या आवडत्या जागा आणि सावळ्या कातडीला जास्त होतो. तो नुसता कापला म्हणजे नवीन जखमच केली, परत तेच सगळं पहिल्यापासनं, म्हणून बऱ्याचदा जास्त मोठा होऊन येतो. हे आधीच्या माणसानं सांगितलं असतं तर बहिणीचे सहा महिने वाचले असते. इंजेक्शनमधलं स्टेरॉइड त्या जागेवरच्याच पेशींचा गोंगाट बंद करतं आणि कोलॅजन घालणं कमी करतं, गाठीबाहेर फारसं जात नाही. गोळी आणि ह्यात फरक तो हा.

निवृत्त_मास्तर

एक पुरवणी. वण म्हणजे मेलेली वस्तू असं समजू नका. चांगल्या कातडीत कोलॅजन टोपलीसारखं उलटंसुलटं विणलेलं असतं, वणात ते उसाच्या मोळीसारखं एकाच दिशेला पडतं, वर्ष उलटलं तरी मूळ कातडीच्या ८० टक्क्यांच्या पुढं ताकद जात नाही. पण ती मोळी सारखी सुटते आणि बांधली जाते. बांधायला क जीवनसत्त्व लागतं. १७४० मध्ये इंग्लंडहून निघालेल्या अॅन्सनच्या आरमारी सफरीत स्कर्व्ही झालेल्या एका म्हाताऱ्याची पन्नास वर्षांपूर्वी भरलेली जखम परत उघडली होती. सुटणं चालू राहिलं, बांधणं थांबलं.

रंकाळ्यावरची

आमच्या पणजीच्या हातावर गोंदण होतं, तुळस आणि तिच्या भावाचं नाव. ती नव्वदीत गेली तोवर हिरवंगार. कातडी तर दर महिन्याला झडते म्हणतात, मग ते राहतं कसं, ते पण तुमचे मुकादमच का?

चुलवाण

अहो तेच! झडते ती वरची कातडी, शाई खालच्या थरात असते आणि तिथले मॅक्रोफेज ती गिळून बसतात, पचवता तर येत नाही. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या लोकांनी उंदरांच्या शेपटीवर गोंदून दाखवलं की शाई धरलेला मॅक्रोफेज मेला की शाई सुटते आणि नवीन आलेला लगेच ती गिळतो. तुमच्या पणजीच्या हातावर भावाचं नाव सत्तर-ऐंशी वर्षं एकाकडनं दुसऱ्याकडं जात राहिलं.

लालमाती

हे वाचून आईला सांगितलं. तिनं स्वतःचं मनगट बघितलं आणि गप्प बसली.

काकवी_भाकरी

अपडेट. सासऱ्यांना नेलं, ताईंचं नाव घेतल्यावर उठले. हाडापर्यंत गेलेलं नाही, जखम साफ केलीय, पट्टी एक दिवसाआड, पायावर वजन द्यायचं नाही, शुगरचा डोस बदलला. ताई, तुमच्या पाया पडते.

वॉर्डातली_ताई

माझ्या नको, त्यांचे पाय रोज संध्याकाळी उजेडात बघ. बोटांच्या मध्ये पण.

चुलवाण

मी धागाकर्त्याची बहीण. त्याचा लॉगिन चालूच होता म्हणून लिहितो. आज तिसरं इंजेक्शन घेऊन आलो, टोचताना डोळ्यातनं पाणी येतंय पण खाज पूर्ण गेली आणि गाठ मऊ पडलीय, निम्मी तरी झाली असेल. आणि वरती त्यानं लिंबू लिहिलंय ते साफ खोटं आहे, सुपारीएवढीच होती.